डॉड चांदीचा मामा झाला

इनव्हरफिंटर गावात आडनावं चारच. लायल, मेअर, फिंडली आणि वॉट. नावंसुद्धा आज्या-पणज्यांचीच फिरवून फिरवून लावलेली. त्यामुळं बंदरावर उभं राहून कुणी "जॉर्ज लायल!" अशी हाक मारली की पाच-सहा दारं उघडतात, आणि एखादं कुत्रं पण शेपूट हलवत येतं. म्हणून इथं घराघराला टोपणनाव. आणि हे थट्टेवारी न्यायचं काम नाही बरं का. पोस्टमन टोपणनावावर पत्र टाकतो. माणूस गेला तरी लोक 'लायल गेला' म्हणत नाहीत, 'चांदीकडचा गेला' म्हणतात. टोपणनाव आपलं आपण घेता येत नाही, ते गाव देतं. आणि एकदा दिलं की बापाच्या नाकासारखं पोराच्या तोंडावर येऊन बसतं, मग धुवा नाहीतर पुसा.

जॉर्ज लायल, म्हणजे आपला डॉड, हा 'चांदी' घराण्यातला. त्याच्या आज्यानं एका वसंतात फिंटर नदीतून अशी चकचकीत ट्राउट मासळी काढली होती म्हणे, की बघणाऱ्यांनी डोळ्यांवर हात धरले. तेव्हापासून घराणं चांदी. डॉड ही गोष्ट सांगायचा तेव्हा दर खेपेला ट्राउट वीतभर लांब व्हायची. आता ती जवळजवळ चर्चच्या दाराएवढी झाली होती.

डॉडचा धंदा छपरांचा. पाटीचा दगड तासून छपरावर बसवायचा. गावात असं एक छप्पर दाखवा, ज्यावर डॉड चढला नाही! शाळा त्यानं चौदाव्या वर्षी सोडली. तो म्हणायचा, "मी शाळा सोडली, तर मास्तर रडला होता." मास्तर आनंदानं रडला असेल, असं बाकीच्यांचं मत. छपरावर बसला की डॉडचं तोंड कायम नदीकडं. चहाची खोपटी चालवणारी नॅन फिंडली म्हणायची, "डॉडचं काम ओळखायला सोपं. नदीकडची बाजू तेवढी चोख असते." या नॅनचं टोपणनाव तोफ. का, ते सांगायला नको.

डॉडचा बाप हेरिंग माशांच्या हंगामात बोटीवर गेला तो आलाच नाही. तेव्हा धाकटा एबी गुडघ्याएवढा होता. डॉडनंच त्याला वाढवला, आणि हे डॉड कुणाला विसरू देत नसे. कपडे वाळवायच्या हिरवळीवर उभं करून, दोराच्या टोकाला लोकरीचा गोंडा बांधून, गळाच्या काठीनं दोर कसा फेकायचा ते एबीला त्यानंच शिकवलं. "एबीला मी घडवला," डॉड म्हणायचा, "नाक तेवढं आईनं आधीच करून ठेवलं होतं, त्याला माझा इलाज नव्हता."

एबी मोठा होऊन जाळी विणणारा झाला. बोलणं बेताचं, हात मात्र सारखे चाललेले. बोटवाले एबी चांदीचं जाळं म्हटलं की डोळे मिटून घ्यायचे. त्यात दगड घाला, नांगर घाला, तटकन तुटायचं नाव नाही. आणि घराण्याची रीत अशी, की थोरल्यानं गळ टाकायचा आणि धाकट्यानं हातजाळं घेऊन मासा झेलायचा. एबीच्या डोक्यावरचे केस पिकायला लागले तरी तो आपला दर शनिवारी भावाच्या मागं पाण्यात उभा.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकू, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समुद्रातली ट्राउट अंडी घालायला नदीत येते. ज्या नदीत जन्मली त्याच नदीत, म्हणजे माहेरीच म्हणा ना. वर खडकाळ पाण्यात बाळंत होते, सगळा हिवाळा उपाशीतापाशी काढते, आणि वसंतात परत सासरी, समुद्राकडं निघते. अशा परतीच्या माशाला तिकडं केल्ट म्हणतात. आपण बाळंतीण म्हणू. पोट खपाटीला, डोकं मोठं, शेपटीच्या कडा झिजलेल्या. बाळंतिणीला मारायचं नाही, असा कायदाच आहे. कायदा नसता तरी गावानं मारू दिली नसती. गळाला लागली तर हलक्या हातानं सोडवायची आणि जा बाई म्हणायचं.

पण गोम अशी, की त्याच दिवसांत समुद्रातून ताज्या, गुबगुबीत ट्राउट पण वर चढायला लागतात. आणि काही बाळंतिणी नदीच्या खालच्या अंगाला चार घास खाऊन अशा सावरतात, अशा चमकतात, की भलेभले फसतात. फसून ज्यानं बाळंतीण मारली, त्याला गावात एकच नाव. खाटीक.

जीम्सी मेअरनं तरुणपणी तेच केलं होतं. म्हातारा झाला, पोस्टातून निवृत्त झाला, तरी तो खाटीकच. त्याचा मुलगा ॲबर्डीनला टाय बांधून बँकेत बसतो, तोही इकडं छोटा खाटीकच. आणि हे नाव कुणी विसरू नये याची काळजी सगळ्यात जास्त घ्यायचा डॉड.

त्या शुक्रवारी संध्याकाळी खोपटीत शेगडीभोवती सगळे बसले होते. एप्रिल लागला होता, पण त्या वसंताची पहिली ताजी ट्राउट अजून कुणाला मिळाली नव्हती. पहिली ट्राउट काठावर आली की पुलाच्या खांबाला टांगलेली जुन्या बोटीची घंटा वाजवायची, अशी गावची रीत. घंटा वाजली की सगळं गाव पुलावर. ज्यानं मासा काढला त्याच्या घराचं नाव वर्षभर आदरानं घ्यायचं.

"उद्या वाजणार घंटा," डॉड म्हणाला.

"मागच्या शनिवारी पण हेच म्हणालास," नॅननं त्याच्यापुढं चहा आदळला.

"मागच्या शनिवारी वारा उलटा होता."

"वारा उलटा नव्हता, तू उलटा होतास. पडला होतास की हांड्यात!" पुलाखालच्या डोहाला सगळे हांडा म्हणतात.

"पडलो नव्हतो. तळ बघायला गेलो होतो." डॉडनं लोण्याचा पाव दोन घासांत संपवला आणि जीम्सीकडं वळला. "काय रे खाटका, तुला शिकवू का बाळंतीण कशी ओळखायची? मासा पाण्यात असताना, वरनं नुसती शेपटी बघून सांगतो मी. डोळे बांधा हवं तर."

"डोळे बांधल्यावर शेपटी कशी दिसणार?" जीम्सीनं शांतपणे विचारलं.

सगळे हसले. डॉड पण हसला, पण जरा उशिरा. "हे बघ," तो म्हणाला, "चांदीच्या घरात कुणी कधी चुकलं नाही. माझा आजा नाही, बाप नाही, मी तर नाहीच नाही. ज्या दिवशी मी बाळंतिणीला ताजी म्हणेन, त्या दिवशी माझं नाव बदला."

कोपऱ्यात बसलेल्या एबीनं खिशातल्या चाकूच्या पात्याला हळूच बोट लावलं. समुद्रावरच्या माणसांत असं आहे, कुणी अशुभ बोललं की थंड लोखंडाला हात लावायचा. डॉड बोलायला लागला की एबीचा हात खिशातच असायचा.

शनिवार उजाडला तो एकदम देखणा. मऊ ढग, नैऋत्येचा वारा, पाण्याला चहासारखा रंग. भरती नुकतीच येऊन गेलेली. डॉडनं गळाला निळी-चंदेरी माशी बांधली. माशी म्हणजे पिसाची. बदकाचं पीस आणि चांदीची तार गळावर गुंडाळून त्यानं स्वतः केलेली. कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून दोघं भाऊ हांड्यात उतरले. जीम्सी पुलाच्या कठड्याला टेकून पाइप ओढत उभा होता. घंटेची दोरी त्याच्याच हाताशी, कारण निवृत्त माणसाला दुसरं काय काम?

एक मात्र कबूल करायला हवं. तोंड काही असो, डॉडचा हात सोन्याचा. काठी मागं गेली, क्षणभर थांबली, पुढं आली. दोर हवेत उलगडला आणि माशी पलीकडच्या काठाजवळ अशी अलगद टेकली, जशी नवी सून पाटावर बसावी. पाण्यानं तिला ओढत आणलं. पुन्हा फेक. पुन्हा ओढ. काळ्या-पांढऱ्या शिंपल्याखाऊ पक्ष्यांनी काठावर गोंगाट मांडला होता. डॉड त्यांनाही फेक कशी करावी ते सांगत होता.

आणि दोर ताठ झाला.

"लागली!" डॉड ओरडला. "एबी! लागली रे!"

पाण्यात भलीमोठी चांदीची कूस चमकली. एकदा. दोनदा. मग मासा खालच्या अंगाला जड जड ओढायला लागला.

आता ताजी ट्राउट गळाला लागली ना, की आधी उडी मारते आणि मग विचार करते. ही उडी मारेना. ओल्या घोंगडीसारखी लोळत होती. डॉडच्या मनात शंकेची एक बारीकशी पाल चुकचुकली. पण छपरावर काम करताना हातातून एखादा खिळा सुटला तर कुणी खाली उतरतं का? तशीच त्यानं ती शंका सोडून दिली.

"जीम्सी! घंटा वाजव!"

"आधी काठावर तर आण," वरून जीम्सी म्हणाला. "मासा काठावर आल्यावर वाजते घंटा."

"चांदीच्या दोराला लागलेला मासा काठावरच असतो! वाजव, खाटका, का दोरी ओढायला पण मीच येऊ?"

बाजारात तुरी म्हणतात ते हेच. एबीनं खिसा चाचपला, पण रबरी बुटांमुळं चाकूपर्यंत हात पोचेना. आणि वर जीम्सीनं खांदे उडवले, पाइप दातांत धरला आणि दोरी ओढली.

ठण् ठण् ठण्! सगळं गाव धावलं. बेकरीवाला पिठाच्या हातांनी आला. न्हाव्याकडं बसलेला तांबड्या वॉट, मोठ्या बोटीचा मालक, अर्ध्या दाढीला फेस तसाच ठेवून पळत आला. नॅन केटली घेऊनच आली. डॉडची बायको टीनी सगळ्यात शेवटी आली, कारण तिनं असल्या घंटा पुष्कळ ऐकल्या होत्या.

"बघा!" डॉड पाण्यातून ओरडत होता. "बघून घ्या! आज्याची पण एवढी नव्हती! ताजी आहे, काल रात्रीपर्यंत समुद्रात होती, अजून मीठ आहे अंगावर! एबी, जाळं घाल! हळू! अरे, डोक्याकडनं!"

एबीनं जाळं पाण्याखाली सरकवलं. मासा त्यात आला. चमकला, पुलावरच्या सगळ्यांनी पाहिला. एबी वाकला आणि त्यानं आत एकदाच निरखून बघितलं. मग त्याचा अंगठा कुठंतरी हलला, त्याचं पाऊल गोट्यावरनं घसरलं, जाळं उलटं झालं, आणि डॉडचा दोर सैल होऊन वाऱ्यावर लोंबायला लागला.

पुलावरून मोठा "आऽऽ" आला.

डॉडला काही क्षण आवाजच फुटेना. गावात पहिल्यांदाच असं घडलं, असं नॅन नंतर म्हणाली. मग फुटला.

"गाढवा! घातलास खड्ड्यात! हातात आलेली ट्राउट! जाळं विणतोस का चाळण? फाटकं जाळं! अरे, फाटकं जाळं आहेस तू!"

एबी छातीपर्यंत भिजलेला उभा होता. तो एवढंच म्हणाला, "पाय घसरला, डॉड."

पण वर पुलावर कुणीतरी ते शब्द उचलले होते. "फाटकं जाळं!" एकजण खिदळला. "एबी फाटकं जाळं!" दुसरा म्हणाला. गाव घरी गेलं ते तेच नाव चघळत.

दुपारी डॉड सूप पीत बसला होता. धुरावलेल्या हॅडक माशाचं, बटाट्याचं, त्याच्या आवडीचं. पण घशाखाली उतरत नव्हतं, कारण तो एकीकडं बोलत होता. टीनी भांडी पुसत ऐकत होती.

"सगळ्या गावासमोर, टीनी! एवढी ट्राउट!" त्यानं हात पसरले. सकाळपासून ती दोन इंच वाढली होती.

"तांबड्या वॉट एबीच्या दारावरनं तसाच पुढं गेला," टीनी म्हणाली.

"कोण?"

"तांबड्या. उन्हाळ्याचं मोठं जाळं आज सांगायला येणार होता ना एबीकडं? आला नाही. बंदरावर बोलतायत, ज्याच्या जाळ्यात एक ट्राउट राहत नाही, त्याच्या जाळ्यात हेरिंग कसं राहणार?"

डॉडचा चमचा थांबला. "असं कोण बोललं? थोबाड फोडीन. एबीच्या जाळ्याला नाव ठेवायचं काय काम कुणाला?"

"नाव तू ठेवलंस."

"मी रागात बोललो!"

"गावाला काय, राग काय नि लोभ काय. नाव मिळालं, बस्स. आता त्याची पोरगी पण फाटक्या जाळ्याची." टीनीनं थाळी जरा जोरातच ठेवली.

"मग काय म्हणायला हवं होतं मी?"

"काही नाही. गप्प बसायचं. एकदा करून बघ, जमतंय का."

डॉड उठला. त्याचं डोकं छपरासारखं, पाणी पडलं की लगेच खाली वाहून जातं, आत मुरत नाही. पण हे मुरलं. एबीच्या नावाला भोक पडतंय आणि ते आपण पाडलंय, हे त्याला बघवेना. त्याला वाटलं, जाळ्याला जिथं भोक असेल ते शोधावं, एखाद्या गोट्यानं कापलं असं सगळ्यांना दाखवावं, म्हणजे विणीला दोष येणार नाही.

एबीच्या खोपीच्या बाहेरच्या भिंतीवर हातजाळं खिळ्याला टांगलेलं होतं. डॉडनं ते काढलं आणि उजेडात धरलं. एकेक घर तपासलं. एकदा, मग उलटून पुन्हा. भोक नाही. गाठ सैल नाही. एक धागा उसवलेला नाही.

मग त्याच्या लक्षात दुसरंच आलं.

ताज्या ट्राउटचे खवले भारी सैल असतात. जाळ्यात आली की सगळ्या जाळ्याला चांदीच्या टिकल्या चिकटतात, हाताला, बाहीला, मिशीला पण. धुतल्या तरी चार दिवस निघत नाहीत. आणि या जाळ्याला एक खवला नव्हता. एकसुद्धा. बाळंतिणीचे खवले मात्र कातडीला घट्ट बसलेले असतात.

डॉड जाळं हातात धरून तसाच खाली, दोरांच्या गुंडाळीवर बसला.

एबी बाहेर आला. हातात चहाचे दोन कप होते, जणू त्याला माहीतच होतं.

"बाळंतीण होती," डॉड म्हणाला.

"हूं."

"चांगली सावरलेली होती."

"लई चांगली. मला पण वरनं कळलं नाही. जाळ्यात आल्यावर पोट बघितलं. खपाटीला होतं."

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

एबीनं चहा फुंकला. "घंटा वाजली होती."

डॉडनं सकाळ पुन्हा आठवून बघितली. घंटा वाजवली, ताजी म्हणून छाती ठोकली, सगळं गाव वर उभं. तेव्हा एबीनं 'बाळंतीण आहे' म्हटलं असतं, तर काय झालं असतं? आजपासून नुसतं हसू. आणि बोललाच नसता, मासा काठावर आणला असता, तर डॉडनं त्या गडबडीत, त्या गर्वात, दांडकं उचलून डोक्यात घातलं असतं. मासा मारायच्या त्या छोट्या दांडक्याला ते 'पाद्री' म्हणतात, शेवटचा मंत्र तोच देतो म्हणून. मग चांदी जाऊन खाटीक. कायमचं.

"अंगठ्यानं माशी सोडवलीस," डॉड म्हणाला.

"हूं."

"एका हातानं? पाण्याखाली?"

"तूच शिकवलंस."

"ते तर आहेच," डॉड म्हणाला, पण नेहमीसारखा नाही. त्यानं चहा संपवला, जाळं खांद्यावर टाकलं आणि निघाला.

"कुठं चाललास? डॉड! राहू दे. विसरतील लोक."

"या गावात?" डॉड म्हणाला. "जीम्सीला विचार."

खोपटीत शनिवारची गर्दी होती. अजून चांगला उजेड होता, खिडकीतून खाडी लखलखत होती. तांबड्या वॉट होता, दाढी आता दोन्हीकडची केलेली. डॉड आत आला तसे सगळे एकदम जास्तच मोठ्यानं बोलायला लागले.

डॉडनं जाळं टेबलावर टाकलं. नमतं घ्यायची सवय नसलेला माणूस तो. त्याला एकच चाल येत होती, म्हणून तो त्याच चालीत बोलला.

"ऐका! सकाळची ट्राउट बाळंतीण होती."

नॅनच्या हातातली केटली तशीच हवेत राहिली.

"आणि साधीसुधी नाही!" डॉडनं आवाज चढवला. "या नदीत आजवर एवढी सावरलेली बाळंतीण झाली नाही. मी फसलो. मी! डॉड चांदी! फसवायला बाई पण तशीच तालेवार लागते, ऐरीगैरी मला फसवूच शकत नाही. पण माझा भाऊ फसला नाही. त्यानं एकदा पाण्यात बघितलं आणि ओळखलं. तुमच्यातल्या एकाला तरी जमलं असतं? त्यानं एका हातानं गळ सोडवला, जाळं उलटं केलं, पाय घसरला म्हणून सांगितलं, आणि शिव्या खाल्ल्या. माझ्या. आणि माझ्या शिव्या काही हलक्या नसतात!"

"हलक्या नसतात, लांब असतात," नॅन म्हणाली.

"हे त्याचं जाळं. भोक दाखवा, मी जाळं खातो. तांबड्या, ऊठ! ती कोळशाची बादली घाल यात."

तांबड्यानं शेगडीजवळची भरलेली लोखंडी बादली उचलली आणि जाळ्यात ठेवली. डॉडनं दोन्ही हातांनी दांडा धरून जाळं वर उचललं. दांडा वाकला, डॉडचा चेहरा लालबुंद झाला, बादली झोके खात राहिली. जाळं काही तुटलं नाही.

"अजून कोळसे घाल!"

"पुरे, पुरे, माझी जमीन फोडशील!" नॅन ओरडली.

तांबड्यानं बादली काढली, जाळ्याची वीण दोन बोटांत चोळून बघितली. "एबी घरी आहे का?" त्यानं विचारलं आणि टोपी उचलून गेलासुद्धा.

मग मात्र खोपटीतले सगळे जीम्सीकडं बघायला लागले. इतकी वर्षं ज्याला डॉडनं रोज खाटीक म्हटलं, त्याच्या हातात आज डॉडची शेंडी आली होती. डॉड पण बघत होता. काल म्हणालेलं त्याला पक्कं आठवत होतं, ज्या दिवशी मी चुकेन त्या दिवशी माझं नाव बदला.

जीम्सीनं पाइप झटकला. घाई नव्हती त्याला. एवढी वर्षं थांबलेला माणूस.

"तू मारली नाहीस," तो म्हणाला. "म्हणजे खाटीक नाही. ते नाव माझं, मी कुणाला देत नसतो." थोडे लोक हसले. "पण बघा हं. नदीची लेक माहेरी आली, बाळंत झाली, आता सासरी निघालेली. वाटेत ह्यानं तिला पुलापाशी गाठली. सगळ्या गावाला बोलावून, घंटा वाजवून, वाजतगाजत रवाना केली. असं कोण करतं? भाऊ करतो. मग आता सांगा, डॉड तिच्या पोरांचा कोण झाला?"

नॅनची तोफ उडाली. "मामा!"

खोपटीचं छप्पर, डॉडनंच बसवलेलं, हसण्यानं उडायचं बाकी राहिलं. "ट्राउटनं डॉडचा मामा केला!" "मामा, भाचरं काय म्हणतात?" "अंगडी-टोपडी शिवलीस का रे?" जीम्सी इतका हसला की त्याला खोकला लागला, आणि डॉडनंच त्याची पाठ थोपटली. जरा जोरातच थोपटली म्हणा.

"हसा," डॉड म्हणाला. "या गावात दुसऱ्या कुणाला आहे नदीशी नातं? मला आहे." आणि खुर्ची ओढून जीम्सीशेजारी बसला. त्या दिवसापासून त्यानं जीम्सीला खाटीक म्हणणं सोडलं. निदान तोंडावर तरी.

पुढचा शनिवार. हांड्याच्या काठावर डॉडनं काठी एबीच्या हातात दिली आणि जाळं आपण घेतलं.

"हे काय?" एबी म्हणाला.

"माझा खांदा दुखतोय. बादलीनं."

"कुठला?"

"दोन्ही. फेक आता, बोलत बसू नकोस. मनगट सैल. अरे, मनगट! हिरवळीवर काय सांगितलं होतं मी?"

एबीनं फेकलं. वरच्या पुलावरून कुणीतरी ओरडलं, "मामा, बहीण गेली का सुखरूप?" डॉडनं न बघता हात हलवला. तो एबीच्या दोराकडं बघत होता. सकाळभर तसंच चाललं. वारा, पाणी, डॉडचे सल्ले.

मग दोर ताठ झाला, आणि त्याच क्षणी हांड्याच्या मध्यातून एक ट्राउट सरळ हवेत उडाली. पडली, पुन्हा उडाली, पुन्हा. विचार नंतर करणारी.

डॉडचं तोंड उघडलं. "जीम्सी, घं—"

त्यानं तोंडावर हात मारला. दुसऱ्या हातानं जाळ्याच्या दांड्याची लोखंडी कडी घट्ट धरली, बोटं पांढरी होईपर्यंत. गप्प. पुलावर टीनी आली होती, ती म्हणाली, हे बघायला मी घंटेशिवाय पण आले असते.

मासा जवळ आला. डॉडनं जाळं पाण्याखाली घातलं, वाकून आत बघितलं, पोट बघितलं, शेपटी बघितली, पुन्हा पोट बघितलं. मग जाळं वर उचललं. चांदीच्या टिकल्या उडाल्या, त्याच्या हातांना, बाह्यांना, मिशीला चिकटल्या.

"एबी," तो म्हणाला, अगदी हळू. "ताजी आहे रे."

मासा काठावर, गवतावर आल्यावरच जीम्सीनं दोरी ओढली.

घरी जाताना डॉड सरळ वाटेनं गेला नाही. बेकरीवरून, बंदरावरून, चर्चला वळसा घालून गेला, आणि जो भेटेल त्याच्यापुढं बाह्या धरून म्हणाला, "माझ्या भावानं काढली. एबी चांदीनं. मी घडवलाय त्याला." जेवायला बसला तेव्हाही हात तसेच चमकत होते.

"हात धू आधी," टीनी म्हणाली.

"धुवायचे नाहीत. घराण्याची चांदी आहे ही."

टीनीनं त्याच्यापुढं सूप ठेवलं. "मग मामा, निदान मिशी तरी पुस," ती म्हणाली, "घराणं सगळं सूपात पडतंय."